काकू, मुलं अजून ‘व्वाला’ म्हणतात

आदरणीय काकू,

शि. सा. न. वि. वि.

एकाच जिन्यानं रोज येणाजाणाऱ्यांनी एकमेकींना पत्र कशाला लिहायचं, असं तुम्हाला वाटेल. पण जिन्यात भेटलं की तुम्ही ‘अगं, त्यात काय एवढं’ म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे. शिवाय इंदूरच्या आणि बाहेरच्याही चार शिक्षकांना यातलं काही वापरता आलं तर फार बरं वाटेल.

डिसेंबरच्या अखेरीस मी तुमच्याकडे आले ती रडवेली होऊन. सातवीच्या 42 मुलांना जीवाश्म शिकवायचे होते आणि त्याच महिन्यात ‘एक देश’ उपक्रमात माझ्या वर्गाच्या वाट्याला फ्रान्स आला होता. जीवाश्मांच्या प्रतिकृतींचा संच मागवून, पैसे भरून दोन महिने झाले होते. तो आलाच नाही. फ्रान्ससाठी माझ्याजवळ आयफेल टॉवरच्या चित्रापलीकडे काही नव्हतं. तुम्ही इतकी वर्षं फ्रेंच शिकवलंत, तेव्हा एखादं गाणं बसवून द्याल एवढीच माझी अपेक्षा. तुम्ही चहा टाकलात आणि विचारलंत, “शाळेत पीओपी आहे का गं?”

लोकमान्यनगरातल्या मुलांना पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, ठाऊक असतं ते गणपतीमुळे. मूर्ती शाडूची आणायची, पीओपीची नको, एवढंच. त्या नावातलं पॅरिस हे खरंच पॅरिस शहर आहे, हे मलाही माहीत नव्हतं. पॅरिसमधल्या मोंमार्त्रच्या टेकडीत जिप्समच्या खाणी होत्या, तो दगड भाजून प्लास्टर करायचे, त्या पांढऱ्या धुळीवरून तिथल्या एका चौकाला ‘प्लास ब्लांश’ म्हणजे पांढरा चौक म्हणतात, हे तुम्ही वर्गात येऊन मुलांना नकाशावर बोट ठेवून सांगितलंत. आणि मग म्हणालात, “आता त्याच दगडात काय सापडलं ते ऐका.”

काकू, ती गोष्ट मी आता दर वर्षी सांगणार. मोंमार्त्रच्या जिप्समच्या एका फोडलेल्या चिपेत एका चिमुकल्या प्राण्याचा सांगाडा अर्धवट दिसत होता. जॉर्ज क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी जबडा आणि दात पाहून ओळखलं की हा अमेरिकेतल्या ऑपॉसमसारखा, पोटपिशवीचा प्राणी आहे. तसं असेल तर कमरेच्या हाडांपुढे दोन जादा हाडं असलीच पाहिजेत. ती जागा अजून दगडाखाली झाकलेली होती. त्यांनी लोकांना बोलावलं, आधी सांगितलं आणि मग सगळ्यांसमोर सुईनं दगड कोरला. हाडं तिथंच होती. साल 1804. तुम्ही हे सांगताना वर्गात पंख्याचाही आवाज ऐकू येत होता.

मी असते तर इथेच थांबले असते. गोष्ट छान झाली, आता वहीत उतरवा. तुम्ही थांबला नाहीत. प्रयोगशाळेच्या कपाटातली बकरीची कवटी टेबलावर ठेवलीत, बाकीच्या बकरीची चित्रं पाकिटात बंद केलीत आणि प्राण्याचं नाव कुणालाच सांगितलं नाहीत. नाव कळलं की मुलं बघायचं सोडून देतात, असं तुमचं म्हणणं, आणि ते शंभर टक्के खरं आहे. एका मुलीच्या लक्षात आलं की खालच्या जबड्याला पुढचे दात आहेत, वरच्याला नाहीत. “मॅडम, गिर गए होंगे,” मागून कुणीतरी म्हणालं. तुम्ही ‘नाही’ म्हणाला नाहीत. भिंग पुढे केलंत आणि विचारलंत, “दात पडला तर मागं काय राहतं?” खड्डा राहतो. मग दहा मिनिटं वरच्या जबड्यावर खड्डे शोधणं चाललं. खड्डे नव्हते. म्हणजे दात पडलेच नव्हते, तिथे ते कधी नव्हतेच. पुढचे दात नाहीत, मागच्या दाढा रुंद, दळणाऱ्या. म्हणजे शिकार करणारा नाही, पाला ओढून चावणारा. मग पायाला पंजा की खूर? उत्तरं फळ्यावर लिहिली, त्याखाली प्रत्येकाची सही घेतली आणि मगच पाकीट फोडलं. वीस वर्षांच्या नोकरीत मुलांना एका दाताच्या खड्ड्यावरून इतकं भांडताना मी पाहिलं नव्हतं.

ठशांचं काम त्याच्या दुसऱ्या दिवशी. कुणाच्या आजीनं रत्नागिरीहून आणलेले शिंपले, शाडूच्या मऊ गोळ्यात दाबून काढले की मागं उरतो तो साचा. त्यात प्लास्टर ओतलं की शिंपल्याची प्रतिकृती. खऱ्या शिंपल्यातलं काहीही तिच्यात नसतं, तरी एकेक रेघ उतरलेली असते. बऱ्याच जीवाश्मांचं असंच असतं, हे मुलांना मी सांगायच्या आधी त्यांच्या बोटांना कळलं. पहिला घाणा माझ्यामुळे बादलीतच घट्ट झाला, कोमट पाणी घातलं होतं. तुम्ही शांतपणे दुसरा कालवलात. भाजताना जिप्सममधलं बरंचसं पाणी गेलेलं असतं, ते परत मिळालं की प्लास्टर घट्ट होतं आणि तापतं. मुलांनी कागदी पेला बाहेरून धरून तो गरम होताना पाहिला. (इतर शिक्षकांसाठी: ओल्या प्लास्टरमध्ये हात बुडवू देऊ नका, भाजू शकतं, आणि उरलेलं मोरीत ओतू नका.)

शाडू सोलून काढताना काय म्हणायचं हेही तुम्हीच शिकवलंत. ‘व्वाला’, म्हणजे ‘तिथं बघ’. आणि हातातलं दाखवताना ‘व्वासी’, म्हणजे ‘इथं बघ’. दोन्हींत ‘बघ’ आहे, हे कळल्यावर एकाही मुलाला ते शब्द पाठ करावे लागले नाहीत.

6 जानेवारीचा गालेत मात्र तुमचा सगळ्यात लाडका, हे मला दिसत होतं. फ्रान्समध्ये त्या दिवशी केकमध्ये एक छोटीशी वस्तू लपवतात, पूर्वी शेंगेचा दाणा असायचा. ज्याच्या तुकड्यात निघेल तो राजा. कुणाचा तुकडा कुठला, हे घरातलं सगळ्यात लहान मूल टेबलाखाली बसून सांगतं. तुम्ही बेकरीतून पापुद्र्यांची पोळी भाजून आणलीत, आत आख्खा बदाम. आमच्या वर्गातली सगळ्यात लहान मुलगी तिमाहीभर एक शब्द बोलली नव्हती. टेबलाखालून तिनं 42 नावं घेतली. एकही चुकली नाही. काकू, त्या दिवसापासून ती वर्गात बोलते.

अंड्यांच्या तासाबद्दलही लिहायलाच हवं. धार जिल्ह्यात बाग-कुक्षीच्या बाजूला डायनोसॉरची 92 घरटी आणि 256 अंडी सापडल्याचं 2023 मध्ये प्रसिद्ध झालं, हे मी सांगितलं. त्याच जिल्ह्यातल्या पाडल्या गावच्या लोकांनी असलेच गोल दगड शेताचे राखणदार म्हणून, काकड भैरव म्हणून पुजले होते, हे सांगितल्यावर काही मुलं हसली. तुम्ही हसू दिलं नाहीत. तुम्ही सांगितलंत, 1859 मध्ये फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी पुएश नावाच्या एका पाद्र्याला डायनोसॉरच्या अंड्यांची टरफलं सापडली, त्यांना ती अजस्र पक्ष्यांची वाटली. “पाद्र्यालाही कळलं आणि शेतकऱ्यालाही कळलं,” तुम्ही म्हणालात, “की हा दगड इतर दगडांसारखा नाही. तुम्ही असतात तर लाथ मारून पुढे गेला असतात.” मग मुलांनी फ्रेंच चित्रकार सेझाननं पुन्हापुन्हा रंगवलेला सेंत-व्हिक्त्वार डोंगर काढला, त्याच्या पायथ्याशी खरोखरच अशी अंडी सापडतात, आणि शेजारी बागच्या टेकड्या काढल्या. दोन्हींखाली 16 सेंटिमीटरची अंडी, पट्टीनं मोजून.

परवा एकानं विचारलं, मग आपल्या इंदूरात खणलं तर? मी सांगितलं, आपण ज्या काळ्या दगडावर राहतो तो लाव्ह्याचा, त्यात हाडं शोधून बहुतेक काही मिळणार नाही; पण तो लाव्हा ज्या जमिनीवर पसरला, ती बागला उघडी पडली आहे. आता सगळा वर्ग बागच्या मागं लागला आहे. सहलीचा अर्ज मी दिला आहे. तुमचं नाव यादीत तुम्हाला न विचारता घातलं आहे, गुडघ्यांची सबब चालणार नाही, गाडीत पुढची जागा तुमची.

सोबत एक डबी पाठवते आहे. आत त्या टेबलाखालच्या मुलीनं केलेला शिंपला आहे. पाठीवर ‘मेर्सी आजी’, म्हणजे ‘धन्यवाद आजी’, असं कोरलंय, ‘र्सी’ थोडी मोडली आहे. ओल्या फडक्यानं पुसू नका, अक्षरं झिजतील.

तुमचीच,
वरच्या मजल्यावरची सातवीची बाई