चालण्याआधी श्वासाच्या स्नायूंचीही तयारी हवी

संपादक महोदय,

सीओपीडीसारखा फुफ्फुसाचा दीर्घकालीन आजार असलेल्यांना ‘रोज चालत जा’ हा सल्ला हमखास मिळतो आणि तो योग्यच आहे; पण चालायला सुरुवात कशी करावी, हे क्वचितच सांगितले जाते. पहिल्या काही मिनिटांतच धाप लागते, रुग्ण घाबरून खाली बसतो आणि पुढे व्यायामच सुटतो, हे फिजिओथेरपिस्ट म्हणून मी वारंवार पाहते.

या आजारात आत घेतलेली हवा पूर्णपणे बाहेर पडत नाही. फुफ्फुसे फुगलेली राहिल्याने घुमटासारखे असणारे श्वासपटल, म्हणजे छाती व पोट यांमधला श्वासाचा मुख्य स्नायू, सपाट होते व त्याची ताकद घटते. त्यात चालण्याचा वेग वाढला की श्वास सोडायला वेळ आणखी कमी मिळतो आणि अडकलेली हवा वाढत जाते. आधीच थकलेल्या या स्नायूंना आपण कोणत्याही तयारीविना कामाला जुंपतो.

खेळाडूंमध्ये यासाठी एक पद्धत रूढ आहे: श्वास आत घेताना ठरावीक अडथळा देणाऱ्या छोट्या उपकरणातून, श्वास खेचण्याच्या स्वतःच्या कमाल ताकदीच्या सुमारे ४० टक्के भारावर, ३० श्वासांचे दोन संच. सीओपीडीच्या रुग्णांबाबत मात्र तिचा पुरावा अजून तोकडा आहे, त्यामुळे ती सरसकट सुचवणे मला उचित वाटत नाही. श्वास खेचण्याची ताकद प्रत्येकाची वेगळी असते व ती मोजूनच भार ठरवावा लागतो. बाजारातून उपकरण आणून अंदाजाने भार वाढवणे धोक्याचे आहे, विशेषतः नुकतेच छातीच्या पोकळीत हवा शिरून फुफ्फुस दबलेले असेल किंवा खोकल्यातून रक्त पडले असेल तर.

उपकरणाविना करण्यासारखेही बरेच आहे. व्यायामापूर्वी घ्यायला डॉक्टरांनी इनहेलर दिला असेल, तर तो साधारण पंधरा-वीस मिनिटे आधी घ्यावा. मग बसूनच नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडावा, खांदे व हात हलकेच फिरवावेत आणि पहिली पाच-दहा मिनिटे अगदी संथ चालावे. श्वास सोडण्याला घेण्यापेक्षा दुप्पट वेळ द्यावा, ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

ही तयारी रुग्णाकडून प्रत्यक्ष करून घ्यायला दहा मिनिटेही पुरतात. डॉक्टरांनी चालण्याचा सल्ला देतानाच रुग्णाला एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडे पाठवावे आणि फुफ्फुस-पुनर्वसनाच्या केंद्रांनी सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीबरोबर श्वास खेचण्याची ताकदही मोजावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

– एक फिजिओथेरपिस्ट