डिस्काउंट नका विचारू, ऑन रोडचा कागद मागा

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरला सणासुदीला गाड्यांच्या पानपानभर जाहिराती असतात, पाडवा आला, दसरा आला, की पहिलं पान उघडायच्या आधी दोन पानं गाड्याच. त्यात मोठ्या आकड्यात "७५,००० पर्यंत फायदा" असं असतं आणि खाली बारीक अक्षरात अटी लागू. मी कराडला एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात बावीस वर्षं काम करतोय, आकड्यांचे कागद वाचणं हाच धंदा, आणि गेल्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा नवी कोरी गाडी घेतली. त्यात जे बघितलं ते बाकीच्या वाचकांना कळावं म्हणून लिहितोय, पत्र लांबलंय पण जमलं तर पूर्ण छापा.

घटस्थापना २२ सप्टेंबर २०२५ ला होती आणि त्याच दिवसापासून लहान गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी असेल तर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस होता, तो सरळ १८ वर आला. म्हणजे गाडीची किंमत साधारण साडेआठ टक्क्यांनी उतरते. आम्ही दोन दिवसांनी शोरूमला गेलो, मी, मिसेस, मुलगा आणि आई. गर्दी एवढी की बसायला खुर्ची नाही. सेल्सचा मुलगा चांगला होता, चहापाणी केलं, गाडी दाखवली, आणि म्हणाला सर तुम्हाला टोटल ऐंशी हजारांचा बेनिफिट बसतोय. मी म्हणलं कसा काय ते लिहून दाखव. तर त्यात जीएसटीत कमी झालेले अडुसष्ट हजार धरले होते! अहो तो कर सरकारने कमी केलाय, नव्या एक्स शोरूम किमतीत, म्हणजे विमा आणि आरटीओ सोडून गाडीच्या नुसत्या किमतीत, तो आधीच वजा झालेला आहे, तो तुमचा डिस्काउंट कसा? शोरूमचं स्वतःचं काय ते बारा हजार. पण समोरच्या टेबलवर बसलेले एक काका ऐंशी हजार ऐकून खूश होऊन टोकन टाकून गेले, ते बघून मला फार वाईट वाटलं.

आमच्याकडून पण एक चूक झाली. आत गेल्या गेल्या आई बोलून गेली की गाडी दसऱ्यालाच दारात पाहिजे. दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे हातात आठ दिवस. तो मुलगा लगेच म्हणाला आजी मग आजच बुक करावं लागेल, या कलरच्या दोनच गाड्या राहिल्यात. झालं, आपली तारीख समोरच्याला कळली की आपल्या हातात काही राहत नाही, तो एक रुपया कमी करणार नाही कारण त्याला माहीत आहे तुम्ही उठून जाणार नाही. मी त्यादिवशी टोकन दिलं नाही, नुसतं कोटेशन छापून घेतलं. येताना रस्त्यात आईच म्हणाली, अरे दसऱ्याला नाही तर दिवाळीच्या पाडव्याला येईल, साडेतीन मुहूर्तातला तो पण आहेच की. तिथून आमचं सगळं सोपं झालं.

आता त्या कोटेशनबद्दल, म्हणजे गाडी रस्त्यावर येईपर्यंतच्या सगळ्या खर्चाच्या ऑन रोड कागदाबद्दल सांगतो, कारण मुद्दा सगळा तिथेच आहे. एक पान, वर कंपनीचं चिन्ह, खाली सात ओळी. एक्स शोरूम ७,८५,०००. इन्शुरन्स ४३,६००. आरटीओ ९७,०००. हँडलिंग आणि लॉजिस्टिक ८,५००. बेसिक किट १८,५००. एक्स्टेंडेड वॉरंटी १३,४००. फास्टॅग ६००. टोटल ९,६६,६००. आपण सगळे काय करतो, त्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो "काहीतरी कमी करा ना". मग तो आत जातो, मॅनेजरला भेटून येतो, पाच हजार कमी करतो आणि वर फ्लोअर मॅट फ्री देतो, आपण खूश. आणि मधल्या ओळींकडे कोणी बघतच नाही.

मी रात्री जेवण झाल्यावर पेन्सिल घेऊन बसलो. पहिली ओळ आरटीओची. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर ११ टक्के वन टाइम टॅक्स आहे, दहा ते वीस लाखांना १२, त्याच्या वर १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर २ टक्के जास्त. म्हणजे माझे ८६,३५०. त्यात रजिस्ट्रेशनचे ६००, स्मार्ट कार्डचे २००, लोन आहे म्हणून बोजा चढवायचे १,५००, बाकी सेस, टपाल असं किरकोळ. नव्वद हजारांच्या आसपास बसतं. मग ९७ कुठून आले? दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं तर म्हणे सर तो एजंटचा खर्च असतो. मी म्हणलं सरकारी पावती जेवढ्याची येईल तेवढेच मी देणार. एका मिनिटात हो म्हणाला. शेवटी पावती आली ९०,७०० ची.

हँडलिंगचं त्याहून सोपं निघालं. मी एवढंच म्हणलं की ८,५०० देतो, फक्त तुमच्या जीएसटी नंबरसकट वेगळी पावती करून द्या की हे कशाचे घेतले. पावती देता येत नाही म्हणाला आणि ती ओळ पेनने खोडली. गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च गिऱ्हाइकाने वेगळा का द्यायचा, ते एक्स शोरूम किमतीतच आलं. नंबर प्लेटचे वेगळे पैसे सुद्धा काही ठिकाणी लावतात असं ऐकलं, पण १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीनेच गाडीसोबत द्यायची आहे.

सगळ्यात मोठा घोळ इन्शुरन्सचा. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, नव्या कारला तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून तसं आहे, आणि त्याचा दर सगळीकडे सारखा, १००० ते १५०० सीसीला १०,६४०. त्यात घासाघीस नाही. घासाघीस आहे ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, तो एकाच वर्षाचा असतो आणि तिथे प्रत्येक कंपनी वेगळी सूट देते. मी तीन ठिकाणी ऑनलाइन बघितलं, झिरो डेप (क्लेममधून सुट्या भागांची घसारा कापली जात नाही ते कव्हर) धरून, आयडीव्ही (गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी देते ती रक्कम) तोच ठेवून, २९,९०० ला मिळत होता. आयडीव्ही तोच ठेवणं महत्त्वाचं आहे हं, नव्या गाडीला तो एक्स शोरूमच्या ९५ टक्के येतो, काही लोक आयडीव्ही पाडून विमा स्वस्त दाखवतात आणि उद्या गाडी चोरीला गेली की तेवढेच कमी हातात येतात. तर मी हा कोट शोरूमला दाखवला. आधी म्हणाले बाहेरचा विमा चालत नाही, कॅशलेस होणार नाही, क्लेमला त्रास होईल. वास्तविक विमा कुणाकडून घ्यायचा हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, डीलरने विमा विकण्याबद्दल आयआरडीएआयचे, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे, २०१७ चे नियम आहेत त्यात सक्ती करता येत नाही असं स्पष्ट आहे. कॅशलेस तर त्या विमा कंपनीच्या यादीत ते वर्कशॉप असेल तर होतंच, मी यादी काढून दाखवली, त्यांचं नाव होतं. मग मॅनेजर स्वतः आले आणि त्याच कव्हरचा विमा २९,९०० ला त्यांनीच करून दिला! म्हणजे १३,७०० रुपये नुसते हवेत होते.

बेसिक किट म्हणजे मॅट, सीट कव्हर, मड फ्लॅप, बॉडी कव्हर आणि एक परफ्यूमची बाटली. घेतलं नाही, बाजारातून ६,२०० मध्ये झालं. एक्स्टेंडेड वॉरंटी वाईट नाही, माझं तिच्याबद्दल वाकडं मत नाही, पण मूळ वॉरंटी संपायच्या आत नंतरही घेता येते, गाडी कशी चालते बघून ठरवू म्हणलं.

जुनी गाडी होती आमची, त्याची किंमत आणि नव्या गाडीचा सौदा एकत्र कालवू नये एवढंच सांगतो. शोरूम एक लाख दहा हजार आणि वर वीस हजार एक्स्चेंज बोनस म्हणत होतं, बोनस ऐकायला गोड वाटतं पण बाहेर तीच गाडी १,४५,००० ला गेली. फक्त बाहेर विकताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून थांबू नका, समोरच्याच्या नावावर गाडी चढेपर्यंत पाठपुरावा करा, नाहीतर त्याची चलनं आपल्या मोबाइलवर येत राहतात.

आणि ईएमआय. हे जरा नीट वाचा. मला सांगितलं सर महिना दहा हजाराच्या आत बसवून देतो. सहा लाखांचं लोन, ९ टक्के, सात वर्षं, हप्ता ९,६५३. तेच पाच वर्षांला १२,४५५. ऐकायला २,८०० ने कमी, पण सात वर्षांत व्याज जातं दोन लाख अकरा हजारांच्या जवळ आणि पाच वर्षांत एक लाख सत्तेचाळीस हजार. चौसष्ट हजाराचा फरक! आपण डिस्काउंटसाठी एक तास भांडतो आणि हप्त्याच्या कागदावर दोन मिनिटांत सही करतो. मी आमच्या नेहमीच्या बँकेतून आधीच लोन मंजूर करून घेतलं होतं, त्यामुळे शोरूमच्या लोनवाल्याशी बोलायची पाळीच आली नाही. ज्यांना तिथूनच घ्यायचंय त्यांनी की फॅक्ट स्टेटमेंट मागावं, रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून ते सक्तीचं केलंय, त्यात प्रोसेसिंग फी वगैरे सगळं धरून खरा व्याजदर एका आकड्यात लिहिलेला असतो. आणि फ्लॅट रेट, म्हणजे हप्ते फेडत गेलो तरी व्याज शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवरच, असा सांगितला तर तिथेच थांबा, फ्लॅट ९ म्हणजे प्रत्यक्षात १५ च्या पुढे जातो.

बुकिंग आम्ही ३० सप्टेंबरला संध्याकाळी केलं, महिनाअखेर आणि तिमाहीअखेर एकाच दिवशी. त्याआधी त्याच कंपनीच्या कोल्हापूरच्या डीलरकडून व्हॉट्सॲपवर कोटेशन मागवलं होतं. कोल्हापूरला घेतली तरी पासिंग आपल्या कराडचं एमएच-५० करून मिळतं, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि म्हणून लोक एकाच शोरूमला धरून बसतात. तो कागद समोर ठेवल्यावर बोलणं पंधरा मिनिटांत संपलं. ९,६६,६०० ची गाडी ८,९४,२०० ला झाली. ७२,४०० चा फरक, त्यात डिस्काउंट फक्त बारा हजार, बाकीचे साठ हजार त्या मधल्या ओळींतले. वॉरंटी घेतली नाही आणि किट बाहेरून घेतलं हे त्यात धरा, पण तरी विमा, आरटीओ आणि हँडलिंग मिळून साडेअठ्ठावीस हजार असे होते की ज्याच्या बदल्यात मला काहीच मिळणार नव्हतं.

डिलिव्हरीच्या दोन दिवस आधी मुलाला घेऊन यार्डात गाडी बघून आलो. पैसे पूर्ण भरायच्या आधी हे करा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, आमच्या गाडीवर ३२२५ होते, म्हणजे २०२५ सालचा ३२ वा आठवडा. पाचही टायर बघितले. चेसिस नंबर कागदाशी जुळवला, गाडीसोबत कंपनी देते त्या फॉर्म २२ वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं ते बघितलं. डाव्या मागच्या दारावर नखाएवढा ओरखडा मुलाला दिसला, तो त्यांनी कबूल केला आणि दुसरी गाडी दिली. पाडव्याला कापड काढून, हार घालून, फोटो काढायच्या गडबडीत तो कुणाला दिसला असता?

माझी मेहुणी पुण्याला असते, तिने डिसेंबरमध्ये घेतली, तिला आमच्यापेक्षा बराच जास्त डिस्काउंट मिळाला कारण जुन्या वर्षाचा स्टॉक काढायचा असतो. आरसीवर जुनं वर्ष लागतं, चार वर्षांत विकायची असेल तर तिथे पैसे कमी येतात, पण दहा-बारा वर्षं वापरणार असाल तर डिसेंबरसारखा महिना नाही. तिची गाडी दहा लाखांच्या वरची, त्यामुळे १ टक्का टीसीएस, म्हणजे शोरूमने गिऱ्हाइकाकडून आगाऊ घेऊन सरकारला भरायचा आयकर, घेतला होता आणि तो परत मिळतो हे शोरूममध्ये कोणी सांगितलंच नाही. रिटर्न भरताना २६एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, तो दिसतो, तिथे क्लेम करायचा. आमच्या ऑफिसात दरवर्षी असे लोक येतात ज्यांचे दहा-पंधरा हजार असेच पडून असतात.

त्या सेल्सच्या पोराबद्दल माझी काही तक्रार नाही, संपादक साहेब. त्याला टार्गेट असतं, पगार जेमतेम, कागद त्याने छापलेला नसतो. त्याच्यावर आवाज चढवून काही होत नाही, शांतपणे एकेका ओळीवर बोट ठेवून "याची पावती मिळेल का" एवढं विचारलं की पुरतं. आणि ज्यांचे पैसे असे गेलेत त्यांनी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, कोटेशनचा फोटो जपून ठेवावा.

आपल्याला एक विनंती आहे. आपल्याकडे शनिवारी गाड्यांची पुरवणी येते, त्यात नव्या गाडीचं मायलेज, फीचर, सगळं असतं. तिथे प्रत्येक वेळी कराडला, साताऱ्याला, कोल्हापूरला त्या गाडीचा टॅक्स किती, तीन वर्षांचा थर्ड पार्टी किती, सरकारी फी किती असा एक छोटा चौकोन छापा. आणि परिवहन खात्याने प्रत्येक शोरूममध्ये हाच तक्ता मराठीत भिंतीवर लावायला लावावा, यासाठी आपण बातमी करावी. माझ्याकडचं ते पेन्सिलीने खुणा केलेलं कोटेशन अजून आहे, शोरूमचं नाव झाकून फोटो पाठवायला तयार आहे.

आपला,
एक नियमित वाचक, कराड