धुऱ्याच्या दाव्यासाठी मोफत वकील कसा मागायचा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आलेल्या समन्सचा फोटो दोनदा वाचला. हा दिवाणी दावा आहे, यात कोणी पकडून नेत नाही. पण तारखेला कोणीच गेलं नाही तर एकतर्फी निकाल लागू शकतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी जवाब द्यायचा असतो. कारण पटलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत देतं. म्हणून वकिलाचं आधी बघा.

त्यासाठी तूर पडत्या भावात विकू नका, सावकाराकडे तर मुळीच जाऊ नका. ज्या कोर्टातून समन्स आलं त्याच इमारतीत तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार ती मोफत वकील देते. कोर्ट फी, टायपिंग, नकला यांचा खर्चही त्यात येतो. दिवाणी दाव्यात मात्र हा वकील आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो.

आई, सात-बारावर तुझंही नाव आहे आणि दाव्यात तू दोन नंबरची प्रतिवादी आहेस. बाईला उत्पन्नाची अट नाही, म्हणून तुझा अर्ज वेगळा दे. बाबा, तुमच्यासाठी वर्षाला ३ लाखांच्या आतलं उत्पन्न लागतं. कोरडवाहू वावराचं तेवढं होत नाही, पण लपवू काहीच नका. खोटी माहिती निघाली तर दिलेली मदत काढून घेतात. तहसीलचा दाखला सेतूतून लवकर निघाला नाही तर उत्पन्नाचं शपथपत्र द्या. कायद्यात तशी सोय आहे.

सोबत समन्स, त्याला जोडलेली दाव्याची नक्कल (सगळी पानं), आधार, रेशन कार्ड, सात-बारा, आठ-अ, फेरफार आणि जुन्या मोजणीचा नकाशा न्या. प्रत्येकाची झेरॉक्स द्या, मूळ कागद हातातून सोडू नका. अर्ज लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलंही तिथे लिहून घेतात. अर्जावर निर्णय जास्तीत जास्त ७ दिवसांत व्हायला हवा. तारखेचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय निघू नका. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, त्यावर अपील करता येतं.

बहुतेकांचं काम इथेच बिघडतं: अर्ज दिला, आता वकील येईलच, असं समजून तारखेला घरी बसतात. वकील नेमलेला नसला तरी दोघंही जा. पुकारा झाला की उभं राहून सांगा, "साहेब, वकील करायची ऐपत नाही, विधी सेवा समितीकडे अर्ज दिला आहे, वेळ द्यावा." पोच दाखवा.

वकील नेमल्यावर वकीलपत्र वाचून सही करा. कोऱ्या कागदावर अंगठासुद्धा नाही. त्यांचं मानधन समिती देते. कोणी "खर्चापाणी" मागितलं तर देऊ नका, समितीच्या अध्यक्षांकडे लेखी तक्रार करा. ते तिथलेच न्यायाधीश असतात. वकील लक्षच देत नसेल तर बदलून मागता येतो. त्यांना धुऱ्याची हकीकत वर्षावार सांगा: मोजणी कधी झाली, दगड कोणी हलवला, कोण साक्ष देईल. अर्धवट हकीकतीवर जवाब कच्चा राहतो आणि मागाहून दुरुस्त करणं जड जातं.

समोरचे लोकअदालतीत तडजोड करू म्हणतील. वाईट नाही, पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. किती फूट जागा आणि कोणत्या दगडापासून, हे कागदावर आल्याशिवाय सही करू नका.

काही अडलं तर १५१०० वर फोन लावा, तो मोफत आहे. सोमवारी सकाळच्या एसटीनेच जा आणि पोच मिळाली की तिचा फोटो पाठवा, मी वाट बघतेय.

तुमची लेक