मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरच्या नट-बोल्टवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

आमच्या यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलचं क्लच कव्हर आता कोरडं आहे, हे तुम्हाला आवर्जून कळवायचं होतं. अख्खा पावसाळा रत्नागिरीत काढून गाडी परवा धुतली. कव्हर बसतं त्या सांध्यावरून पांढरं फडकं फिरवलं तर तेलाचा ठिपकाही लागला नाही. याचं श्रेय तुमचं. दुकानात नीट आभार मानायलाही सवड मिळाली नाही, मागे वर्कशॉपवाल्यांची रांग होती. म्हणून हे पत्र. तुमचं नाव इथे लिहीत नाही, पण नागदेवीत ज्यांची उठबस आहे ते ओळखतील आणि तुमच्यापर्यंत पोचवतील.

मी आले होते स्टेनलेसचा पूर्ण सेट घ्यायला. समुद्राकाठच्या माणसाला गंजाचा इतका वैताग असतो की स्टेनलेस म्हटलं की हात आपोआप पाकिटाकडे जातो. सेट तुमच्याकडे होता, माझी पैसे द्यायची तयारी होती. तुम्ही मात्र विचारलंत, "कुठे लावणार?" मी यादी पुढे केली, आणि तुम्ही एकेका ओळीवर बोट ठेवून तोच प्रश्न विचारत गेलात. बोल्टाला काम काय आहे, तो कशात शिरणार आहे, तिथे ताप किती, पाणी किती. शेकड्याने माल उचलणारी गिऱ्हाइकं ताटकळत असताना मूठभर बोल्ट घेणाऱ्या बाईसाठी कोण इतका वेळ देतं?

गाडी १९९४ची. इंजिनाच्या कव्हरांचे स्टार स्क्रू आजवर बऱ्याच जणांच्या हाताखालून गेलेले, निम्म्यांची डोकी पार गुळगुळीत. त्यातला एक तुम्ही ट्यूबलाइटखाली धरलात आणि डोक्यावरचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दाखवलात. हा जेआयएसचा, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचा. बाजारातला नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की उचलला जातो आणि खाच खातो. हे ऐकलं आणि त्या स्क्रूंची अशी दशा का झाली होती ते कळलं. उरलेले चांगले स्क्रू तुम्ही वेगळे काढून मला परत दिलेत, फेकू दिले नाहीत.

नवे म्हणून मी काळे ॲलन (डोक्यात षटकोनी खाच असलेले) बोल्ट उचलले होते, १२.९ ग्रेडचे. सगळ्यात मजबूत ते सगळ्यात चांगले, असं कुणालाही वाटेल. तुम्ही डोक्यावरचा आकडा वाचायला शिकवलंत. पहिल्या आकड्याला शंभराने गुणलं की बोल्ट तुटायला लागणारा ताण मेगापास्कलमध्ये मिळतो. टिंबानंतरचा आकडा सांगतो की त्या ताणाच्या किती हिश्शावर तो कायमचा लांबायला लागतो. म्हणजे ८.८चा बोल्ट ८०० ला तुटतो, पण ६४० ला ताणून बसतो. मग तुमचा मुद्दा आला: कव्हराचा बोल्ट शिरतो ॲल्युमिनियममध्ये. बोल्ट कितीही दणकट आणा, आधी जाणार ते ॲल्युमिनियमचे आटे. तिथे १२.९ची ताकद वापरलीच जात नाही. शिवाय त्यावरचा काळा रंग म्हणजे नुसता ऑक्साइडचा थर, आमच्या खाऱ्या हवेत तो एका पावसाळ्यात लाल होतो. त्यालाच झिंकचं प्लेटिंग करून घेऊ का, असं मी विचारलं तेव्हा तुमचा आवाज चढला, आणि चढला ते बरं झालं. इतक्या कडक पोलादाला प्लेटिंग करताना त्यात हायड्रोजन शिरतो. नंतर भट्टीत तास न् तास तापवून तो काढला नाही तर बोल्ट पुढे कधीतरी काहीही इशारा न देता तुटतो. ८.८चा झिंकवाला ॲलन घ्या, संपला विषय, असं म्हणून तुम्ही डबा उघडलात.

स्टेनलेसच्या बाबतीत तुम्ही मला अगदीच नाराज केलं नाहीत. मडगार्ड, नंबर प्लेट, इंडिकेटरच्या पट्ट्या यांना ते खुशाल लावा म्हणालात. पण ए२-७० या ग्रेडचा स्टेनलेस बोल्ट ४५० लाच लांबायला लागतो, म्हणजे दिसायला भारी असला तरी साध्या ८.८च्या मागे. तेव्हा मागच्या ड्रमची ब्रेक प्लेट धरून ठेवणाऱ्या रॉडला तो नाही. आणि ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस घालून वर खारं पाणी पडलं की झिजतं ॲल्युमिनियम. बोल्ट चकचकीत राहतो आणि भोकाची पांढरी भुकटी होते. आमच्या गावात अशी इंजिनं मी पाहिली आहेत. कारण मात्र तुमच्याकडून कळलं.

आट्यांमधलं अंतर मोजायचा पिच गेज तर मी पहिल्यांदा हातात धरला तो तुमच्याच काउंटरवर. नमुना म्हणून आणलेल्या १० एमएमच्या बोल्टावर तुम्ही पाती टेकवून पाहिलीत, १.२५ बसलं. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो १.५चा. जाडी तीच, दिसायला तोच. दोन आटे हाताने जातातही, मग जड लागतो, माणूस पाना लावतो आणि नटाचे आटे जातात. डोक्याचंही तसंच. ८ एमएमच्या जपानी बोल्टाला १२चा पाना लागतो, आपल्याकडच्या सर्वसाधारण बोल्टाला १३चा.

सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती लांबीची गोष्ट. क्लच कव्हराचे बोल्ट एका लांबीचे नसतात. तुमच्या सांगण्यावरून पुठ्ठ्यावर कव्हराची आकृती काढली, प्रत्येक भोकाच्या जागी छिद्र पाडलं आणि निघालेला स्क्रू त्याच छिद्रात खोचत गेले. मग व्हर्नियरच्या शेपटीने एकेक भोक मोजलं. खालच्या कोपऱ्यातल्या भोकात आधी कुणीतरी जरा लांब स्क्रू घातला होता. तो तळाला टेकायचा, हाताला घट्ट लागायचा आणि कव्हर मात्र दाबलंच जायचं नाही. तेल गळत होतं ते तिथूनच. आतापर्यंत दर वेळी नवं पॅकिंग घातलं गेलं आणि दर वेळी ते गळलं. तुम्ही सांगितलेला हिशोब केला: ६ एमएमचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये निदान ९ एमएम तरी धरला पाहिजे, आणि तरीही तळाशी जागा उरली पाहिजे. त्या हिशोबात बसणारा बोल्ट तुम्ही दिलेल्या पुडीतच निघाला. एका भोकाचे आटे पूर्ण गेले होते, तिथे हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून घेतला. किती जोराने आवळतोय ते दाखवणारा टॉर्क रेंच शेजारच्या गॅरेजमधून मागून आणला आणि १० न्यूटन-मीटरवर थांबले. मनगटाला वाटत होतं अजून थोडं आवळावं. नाही आवळलं.

सायलेन्सरच्या तोंडाशी नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला नट, लावू नका, सव्वाशे डिग्रीच्या आसपास त्यातलं नायलॉन कामातून जातं, हेही तुम्ही बिल करता करता सांगितलंत आणि पितळी नट पुडीत टाकलेत. पितळ पोलादाला चिकटून बसत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी नटाबरोबर स्टड तुटून यायचा नाही. एवढं सगळं करून बिल झालं ते सेटच्या किमतीच्या पासंगालाही पुरणार नाही असं.

काका, या गाडीवर मी रोज कामाला जाते. ब्रेक दाबताना मागच्या रॉडचा बोल्ट कुठल्या ग्रेडचा आहे ते मला माहीत असतं, आणि तो कुणी निवडून दिला तेही. यासाठी मी तुमची मनापासून ऋणी आहे. तुमच्या दुकानात येऊन गेल्यापासून गल्लीतली मुलं आपापले बोल्ट मला दाखवायला आणतात. त्यांना मी आधी "कुठे लावणार?" हेच विचारते.

त्यातलाच एक जण पुढच्या आठवड्यात मुंबईला येतोय. त्याच्या गाडीच्या फूटरेस्टचा बोल्ट हवाय. त्याला जुना बोल्ट नटासकट घेऊन यायला सांगितलंय, आणि दुपारी गर्दी कमी असताना जा असंही. मुलगा लाजाळू आहे, जरा सांभाळून घ्या.

आपली कृतज्ञ,
रत्नागिरीची आरएक्सवाली