नॉर्थ प्लॅटला मुक्काम कर

कराड,
14 नोव्हेंबर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू रात्रभर एकटीनं गाडी चालवत नेब्रास्काला जाणार असं सांगून फोन ठेवलास, तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. "पोरीनं एवढ्या हौसेनं सांगितलं आणि तुम्ही आगारात हजेरी घेतल्यासारखे प्रश्न विचारत बसलात," असं तिचं म्हणणं. म्हणून आता फोन नको, पत्रच लिहितो. बंटी पानांचे फोटो काढून तुला व्हॉट्सॲपवर टाकेल. फोनवर माझा आवाज चढतो. गाडीबद्दल या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही, असं आईला कबूल करून बसलोय.

इकडे सगळं ठीक. आईच्या गुडघ्याचं आहे तसंच, विट्याच्या जागेचंही आहे तसंच. दाजी अजून सगळ्यांना सांगतात की मनू मॅनहॅटनला असते. समोरचा "म्हणजे न्यूयॉर्कला?" म्हणाला की नुसते हसतात, हो नाही की नाही नाही. परवा मीच एकाला सांगून टाकलं की हे मॅनहॅटन कॅन्ससमधलं, तिथं उंच इमारती नाहीत, गहू आहे, आणि आमची पोरगी त्या गव्हाच्या तांबेऱ्यावर संशोधन करते. तो म्हणाला, "म्हणजे शेतीच की." म्हटलं, शेतीच. दाजी अजून रुसलेत.

तू पाठवतेस त्या तिकडच्या गमती मी एका वहीत उतरवून ठेवतो, हे तुला माहीत नसेल. संध्याकाळी कट्ट्यावर वाचून दाखवतो. सगळ्यात गाजली ती बिनडोक्याच्या कोंबड्याची गोष्ट. कोलोरॅडोतलं फ्रूटा गाव, 1945 साल. शेतकऱ्यानं कोंबड्याची मान उडवली आणि कोंबडा मेलाच नाही, पुढे अठरा महिने जगला. ड्रॉपरनं घशात दूध-पाणी घालायचं, गावोगाव फिरवून पैसे घेऊन दाखवायचा. आणि ते गाव आजही त्याच्या नावानं जत्रा भरवतं! कट्ट्यावर कुणी विश्वास ठेवेना. तू लिहिलं होतंस की घाव जरा वर बसला, मेंदूचा खालचा देठ शाबूत राहिला, आणि श्वास घेणं, चालणं, तोल सांभाळणं तेवढ्यावर भागतं. मी म्हटलं, मला पटतं. रातराणीवरचा पहाटे तीनचा पेंगलेला ड्रायव्हर अगदी असाच असतो. हात स्टेअरिंगवर, पाय ॲक्सिलरेटरवर, डोळेसुद्धा उघडे, आणि वर डोकं नाही.

बघ, आलंच. आईला सांगू नकोस.

सुतळीच्या गुंड्याचा फोटो मात्र मी सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला. कॅन्ससमधल्या कॉकर सिटीच्या त्या शेतकऱ्यानं 1953 मध्ये गंजीची सुटलेली सुतळी गुंडाळायला घेतली, तो गेला तरी गाव थांबलं नाही, आणि दर ऑगस्टला लोक जमून आणखी गुंडाळतात. तूही चार फेरे मारलेस, त्यातली सुतळी आता तुझीही. मिनेसोटातल्या डार्विन गावाचा दावा वेगळा, की आमचा गुंडा एकट्या माणसानं केलाय, 1950 पासून एकोणतीस वर्षं, जवळजवळ आठ टन. आईनं विचारलं, एवढ्या वर्षांत त्याला घरात कुणी काही बोललं नाही का. कट्ट्यावर दोन तट पडले. मी कॉकर सिटीच्या बाजूनं. एकट्यानं करायची लांबलचक कामं मला आवडत नाहीत, कारण तुला माहीत आहे.

नेब्रास्कातल्या मोनोवी गावाचं ऐकून तर सगळेच गप्प झाले. 2010 च्या जनगणनेत लोकसंख्या एक. एकच म्हातारी. तीच महापौर, तीच ग्रंथपाल, दारूचं दुकान तिचंच आणि त्याचा परवाना देणारीही तीच. नवरा गेल्यावर त्याची पुस्तकं ठेवून वाचनालय केलं. 2020 च्या जनगणनेत तिथं दोन माणसं दाखवली, तेव्हा दुसरं कोण उगवलं असं आम्हाला वाटलं. तर लहान गावातल्या माणसांची माहिती उघडी पडू नये म्हणून सरकारच मुद्दाम आकडे थोडे हलवतं, हे तू समजावलंस. एका बाईची गुप्तता राखायला तिच्या शेजारी एक नसलेला माणूस उभा केला. आपल्याकडे असतं तर त्या दुसऱ्याच्या नावावर रेशनकार्ड निघालं असतं.

आता तुझ्या कारहेंजबद्दल, म्हणजे नेब्रास्कातल्या अलायन्स गावच्या त्या मोटारींबद्दल. फोटो पाहिला. मोटारी जमिनीत शेपटीवर उभ्या पुरल्यात, त्यांच्यावर आडव्या मोटारी, सगळ्यांना राखाडी रंग, आणि विलायतेतल्या स्टोनहेंजच्या त्या जुन्या शिळांची हुबेहूब मांडणी. 1987 मध्ये एका माणसानं घरचे सगळे गोळा करून वडिलांच्या स्मरणार्थ हे त्यांच्याच शेतात उभं केलं, हे वाचून मी बराच वेळ फोटो बघत बसलो. माझ्यासाठी असलं काही करू नकोस. एसटी शेपटीवर उभी केलीस तर शिडकाव पडेल डिझेलचा.

ते सूर्योदयाला बघायचंय, हेही मला कळतं. उगवतीचं ऊन त्या राखाडी पत्र्यावर कसं पडत असेल ते डोळ्यांपुढे येतं. पण त्यासाठी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, दिवसभर प्रयोगशाळेत उभी राहून, रात्री अकराला एकटीनं निघायचं आणि सात-साडेसात तास न थांबता जायचं, हे मला कळत नाही. तू म्हणालीस, "बाबा, हे रस्ते तुमच्या कुंभार्लीसारखे नाहीत, सरळ आहेत." मनू, त्याचीच तर मला भीती वाटते.

घाटात झोप येत नाही. कुंभार्लीला किती पाऊस, किती धुकं, कोयनेच्या बाजूनं दरडी, पण ड्रायव्हर जागा असतो. वळण आलं, गिअर बदल, हॉर्न दे, समोरून ट्रक आला, दाब बाजूला. झोप येते ती घाट उतरून सपाटीला लागल्यावर. अंगातला ताण सुटतो, इंजिनाचा सूर एकसारखा लागतो, आणि पांढरा पट्टा डोळ्यांत घुसत राहतो. बंटीनं मला तुझा रस्ता काढून दिला. लिंकनपासून ग्रँड आयलंडपर्यंत तो आय-80 महामार्ग जवळजवळ 72 मैल नुसता ओळंब्यात जातो. 116 किलोमीटर, वळण नाही! माझ्या सगळ्या नोकरीत असा रस्ता माझ्या वाट्याला आला नाही, आणि आला असता तर मी ड्यूटी बदलून मागितली असती.

कडेला खाचा मारलेल्या असतात, चाक गेलं की खडखडून जागं करतात, असं तू म्हणालीस. चांगली सोय आहे. पण त्या वाजतात तेव्हा तू आधीच झोपलेली असतेस. आणि नोव्हेंबरात तिकडे हरणं माजावर असतात, अंधारात आणि उजाडता-मावळता रस्त्यावर येतात, हे तूच मागच्या वर्षी सांगितलं होतंस.

एवढं लक्षात ठेव. मागचं गाव कुठलं गेलं ते आठवत नसेल, तर गाडी तू चालवत नाहीयेस. जांभई ही उशिराची खूण, त्याआधी मान जड होते आणि माणूस उगाच आरसा नीट करत बसतो. तोंडावर पाणी मारून पाच मिनिटं मिळतात. खिडकी उघडून तेवढीही मिळत नाहीत. कॉफी पोटात जाऊन काम करायला अर्धा तास घेते, तेवढ्यात चाळीस मैल जातात. झोपेवर औषध एकच, झोप. गाडी विश्रांतीच्या जागेत नीट आत लावायची, दारं बंद, वीस मिनिटं. शिवाय...

झालं, वर्ग भरला. माफ कर. तू तीस वर्षांची आहेस, तिकडचं लायसन पहिल्या खेपेला काढलंस, बर्फातही चालवतेस, ज्या गव्हाची चपाती मी खातो त्याच्या रोगाबद्दल परदेशात चार लोकांसमोर उभी राहून बोलतेस. दाजींपुढे मी हे सगळं ऐटीत सांगतो. तुझ्यापुढे आलं की टायरची हवा विचारतो.

आम्हाला तरी कुणी एकटं सोडलं नव्हतं. रातराणीला माझा कंडक्टर नेहमी पुढे येऊन बसायचा. तिकिटांचा हिशोब मोठ्यानं करायचा आणि मुद्दाम चुकवायचा. सातारा ते कात्रज मी त्याची बेरीज दुरुस्त करत यायचो. निवृत्त होताना मला विनाअपघात सेवेचा बिल्ला लावला, तेव्हा टाळ्या वाजवायला तो समोरच बसला होता. अर्धा बिल्ला त्याचा आहे असं मी आजही म्हणतो. तुझ्या गाडीत चुकीची बेरीज करायला कोण बसणार आहे?

आणि दिवसा तू बसायचीस. चिपळूणच्या गाडीला, सुट्टीत, बॉनेटवर गोधडी टाकून. पाय पोळायचे तरी उठायची नाहीस. ट्रकच्या मागचं वाचायचीस, शेर, देवाची नावं, "बघतोस काय, वाट दे". वाटेत कुठल्या दगडाला शेंदूर, कुणाच्या दारात सांगाडा झालेली जीप, कुठल्या हॉटेलच्या पाटीवरचा वाघ कुत्र्यासारखा दिसतो, सगळं तुझं पाठ. एकदा त्या वाघाचं नीट बघायचं म्हणून तू मला गाडी हळू करायला लावलीस आणि मागून एक आजोबा ओरडले, "ड्रायव्हर, काय झालं?" कंडक्टर म्हणाला, "वाघ आहे." अर्धी गाडी खिडकीला आली. तुला हे वेड अमेरिकेत लागलं असं आई म्हणते. मला माहीत आहे ते कुठं लागलं.

काल वही चाळताना वॉल गावाचं पान आलं. दक्षिण डकोटात, माळरानाच्या कडेला, 1931 मध्ये एकानं औषधाचं दुकान घेतलं. गिऱ्हाईक फिरकेना. पाच वर्षांनी बायकोला सुचलं, बाहेरून एवढ्या मोटारी जातात, आतली माणसं उन्हानं तापलेली असणार, बर्फाचं पाणी फुकट अशा पाट्या लावू. पाट्या लावून नवरा परत येतोय तोवर दुकानात गर्दी. आज शेकडो मैलांपासून पाट्या सुरू होतात आणि कॉफी अजून पाच सेंटला आहे. हे सगळं वाचून हसलो होतो. काल ड्रायव्हरच्या नजरेनं वाचलं. वहीतल्या तुझ्या निम्म्या गमती अशाच सरळ, लांब, काहीच न दिसणाऱ्या रस्त्यांवर आहेत. गुंडा काय, मोटारी काय, माणसानं गाडी बाजूला घ्यावी, खाली उतरावं, पाय मोकळे करावेत, हसावं, म्हणून आहेत. मांडणाऱ्याच्या मनात गल्ला असेल, पण त्यांनी कितीजणांची झोप मोडली असेल. आणि तू त्या न थांबता पार करणार!

तेव्हा मी बंटीला घेऊन बसलो आणि तुझी ड्यूटी लावली आहे. वाचून तरी बघ.

गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, घरीच राहा, सगळं बंदच असतं म्हणतेस. शुक्रवारी झोप पूर्ण करून सकाळी निघ. लिंकन गेलं की सूअर्ड गाव, महामार्गापासून जरा आत. तिथं 1975 मध्ये एका दुकानदारानं जमिनीत भलीमोठी काँक्रीटची पेटी पुरली. पन्नास वर्षांनी नातवंडांना आपला काळ कळावा म्हणून हजारो वस्तू, आणि त्यात एक अख्खी नवी कोरी मोटार. मला तो माणूस आवडला. पुढे कर्नीला महामार्गावर आडवी कमान बांधून तिच्यात संग्रहालय केलंय, म्हणजे खालून गाड्या आणि वर माणसं. बंद असलं तरी खालून दिसतं, पण तू थांबून बघ.

आणि अंधार पडायच्या आत नॉर्थ प्लॅट. तिथं जगातलं सगळ्यात मोठं रेल्वे यार्ड आहे, आठ मैल लांब, डबे सोडवून पुन्हा जोडतात. ते बघायला आठ मजली मनोरा बांधलाय. हे तुझ्या गमतींत नव्हतं, मी शोधलंय. रात्री तिथंच मुक्काम. शनिवारी सकाळी उजाडल्यावर निघ, अलायन्स तीनेक तासांवर. पहिला सूर्य चुकेल. दुसऱ्या दिवशी गावातच राहून बघ, तो काही सुट्टीवर जात नाही.

खोलीचे पैसे मी देणार. दोन्ही रात्रींचे. डॉलरचा भाव बंटीनं दाखवला, तो बघून मी एकदा चष्मा पुसला, पण देणार. बिल्ल्याबरोबर जी रक्कम मिळाली होती ती अजून तशीच बँकेत आहे. आई दर दिवाळीला विचारते, कशासाठी ठेवलीय, आणि मला कधी उत्तर सापडलं नाही. खोली ठरवलीस की आकडा बंटीला कळव आणि पावती जपून ठेव, आगाराची सवय आहे, पावतीशिवाय मला खर्च लिहिता येत नाही.

तुझा,
बाबा

ता. क. आई विचारते, मोनोवीच्या त्या बाईला दिवाळीला कोण असतं. तू त्या बाजूला जाणारच असशील तर लाडू पाठवते म्हणते. तिला मी सांगितलं की ते गाव वाटेवर नाही. तू मोडता घालू नकोस.