रुग्णाच्या उशाशी कोण होतं?

पुणे,
रविवार

प्रिय संदीप,
स. न. वि. वि.

अमेरिकन रुग्णांच्या बिलांचं कोडिंग करताना सर्जरीच्या चार्टवरून, म्हणजे रुग्णाच्या नोंदींवरून, तुला ॲनेस्थेशियावर (भुलीच्या कामावर) टाकलं, हे तुझ्या पत्रात वाचून मला आनंद झाला. तू मात्र वैतागलेला दिसतोस. मॉडिफायरची, म्हणजे बिलाच्या कोडला जोडायच्या दोन अक्षरी किंवा दोन अंकी खुणांची, यादी पाठ आहे, पण समोर चार्ट आला की एए की क्यूके हेच कळत नाही म्हणतोस. यादी बाजूला ठेव. आधी ॲनेस्थेशिया रेकॉर्ड उघड आणि रुग्णाच्या उशाशी कोण होतं, एवढंच शोध.

डॉक्टर स्वतः पूर्णवेळ असेल तर एए. पण अमेरिकेत भूल देण्याचं खास शिक्षण घेतलेल्या नर्स, म्हणजे सीआरएनए, खूप केसेस करतात. एक डॉक्टर एकाच वेळी दोन ते चार केसेस बघत असेल, तर त्याच्या क्लेमवर, म्हणजे विम्याकडे जाणाऱ्या बिलावर, क्यूके आणि सीआरएनएच्या क्लेमवर क्यूएक्स. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीचा अमेरिकी सरकारी विमा, दोघांना निम्मे निम्मे देतं. डॉक्टरच्या हाताखाली एकच सीआरएनए असेल तर क्यूके ऐवजी क्यूवाय. सीआरएनएने डॉक्टरच्या देखरेखीशिवाय केस केली तर क्यूझेड, पैसे पूर्ण.

क्यूकेची घाई करू नकोस. भुलीआधीची तपासणी, योजना, इंडक्शनला (भूल चढवताना) आणि रुग्ण शुद्धीवर येताना हजेरी, मधूनमधून पाहणी, नंतरची काळजी, अशा सात अटी आहेत. नोंद सापडली नाही तर क्वेरी टाक, म्हणजे डॉक्टरला लेखी विचार. टीम लीड टार्गेटकडे बोट दाखवेल, तरी टाक.

वेळेचा हिशोब सोपा आहे. लॅपरोस्कोपीने पित्ताशय काढलं, कोड ००७९०, बेस युनिट, म्हणजे त्या कामासाठी ठरलेले मूळ युनिट, ७. भूल ९० मिनिटं, १५ मिनिटांचं एक युनिट, म्हणजे ६. एकूण १३. रुग्ण पी३, म्हणजे गंभीर आजार असलेला, असेल तर काही खासगी विमा कंपन्या एक युनिट वाढवून देतात, मेडिकेअर देत नाही.

तुझी ७८ आणि ५८ या मॉडिफायरची गल्लत आता सुटायला हवी. मोठ्या शस्त्रक्रियेचा ग्लोबल पीरियड, म्हणजे नंतरची नेहमीची काळजी त्याच बिलात धरली जाते तो काळ, ९० दिवसांचा. त्यात रक्तस्राव झाला म्हणून त्याच सर्जनने रुग्णाला पुन्हा ओटीत नेलं, तर ७८. फक्त प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या भागाचे पैसे मिळतात, जुने ९० दिवस तसेच पुढे चालतात. दुसरा टप्पा आधीच ठरलेला असेल तर ५८, आणि ९० दिवस नव्याने सुरू.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. डिनायल आलं, म्हणजे विम्याने क्लेम नाकारला, की ५९ (हे काम वेगळं होतं असं सांगणारा मॉडिफायर) चिकटवून तो परत पाठवायचा. अरे, वेगळा अवयव, वेगळा छेद, वेगळी वेळ, काहीतरी ऑप नोटमध्ये (शस्त्रक्रियेच्या नोंदीत) दिसायला नको का? २०१५ पासून एक्सई, एक्सएस, एक्सपी, एक्सयू हे ५९ ला नेमके पर्याय आहेत, ते आधी बघ. मेडिकेअरच्या पार्ट बीमध्ये, म्हणजे डॉक्टरांची बिलं ज्यातून जातात त्या भागात, साधारण २० टक्के रक्कम रुग्णाच्या वाट्याला येते. पूरक विमा नसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या खिशातून ती जाते, आपल्या एका मॉडिफायरमुळे.

बाळंतपणातल्या भुलीचे कोड ०१९६७ आणि ०१९६८ पुढच्या पत्रात लिहितो, ते इथे मावणार नाहीत. तोवर अडलेला चार्ट असेल तर रुग्णाची माहिती वगळून नुसती परिस्थिती कळव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुहास