केवळ पूररेषा पुरेशी नाही

संपादक महोदय,

किनारी शहरांतील हवामानाच्या धोक्याचे मूल्यमापन बहुधा जमिनीची उंची आणि पूररेषा दाखवणाऱ्या नकाशापाशीच थांबते, हे मला फार चिंताजनक वाटते. एकाच गल्लीत सारखेच पाणी शिरले, तरी तळमजल्यावर एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती, कोणत्याही नोंदीत नसलेले भाडेकरू कुटुंब आणि विमा उतरवलेला घरमालक यांच्यावरील आघात सारखा नसतो. 2005 च्या कॅटरिना चक्रीवादळात अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात मरण पावलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक पंचाहत्तरी गाठलेले वा ओलांडलेले होते. म्हणून वय, अपंगत्व, उत्पन्न आणि बाहेर पडण्याचे साधन यांची वस्तीनिहाय माहिती पूरनकाशाला जोडावी; उष्णतेच्या लाटेसाठी मात्र वेगळी पाहणी हवी, कारण पत्र्याच्या छपराखाली राहणारा माणूस उंच जागीही सुरक्षित नसतो.

आपला,
एक वाचक